खंड

मानोऱ्याच्या बसस्टँडमागे माझं सेतू केंद्र.
उताऱ्यांची रांग सरली की
शालिक डाखोरे येतात, चपला बाहेर काढून,
जशा दालनाबाहेर काढायचे.
पिशवीत सहा नेमणूकपत्रं,
चार सभापतींच्या सह्या,
दोन कागदांवर चहाच्या कपाचे गोल.

'पीएफ पाह्य ना बाई, कुठवर आला.'

संगणक त्यांची सहा माणसं करतो :
शालिक, शालीक, शालिग्राम,
एकात बापाचं नाव आडनावाच्या जागी,
एका जन्मतारखेप्रमाणे तर ते
स्वतःच्या लेकीहून लहान.
त्यावर ते हसले. मीही.

उकंडाभाऊंनी लावलं, तेव्हा ते उकंडाभाऊंचे.
पद्माताई आल्या, म्हणाल्या, हा त्यांचा माणूस,
काढा.
तीन आठवड्यांनी म्हणाल्या, बोलवा,
कोणती फाईल कुठं, यालाच ठाऊक.
अकरा-अकरा महिन्यांचं मानधन,
त्यातून सातशे वीस कटत गेले, ते खरे.
'मालकाचा हिस्सा' या रकान्यात
दोन वर्षं नुसती रेघ.

मालक कोण, काका, तुमचे?
ते विचारात पडले.
'सभापती म्हने समिती. समिती म्हने झेडपी.
झेडपी म्हने, ज्यानं ठेवलं त्याले इचार.
उकंडाभाऊ तं आता फोटोत हायेत.'

मी बेरीज केली. पुन्हा केली.
नऊ वर्षं चार महिने.
पेन्शनीला दहा लागतात.

'आचारसंहितेचे धरले काय?'
नाही. तेव्हा तुमची नेमणूक नव्हती.
'मी तं होतो ना.
गाडी जमा, पाटीवर कागद चिकटवला,
सारे आपापल्या प्रचाराले.
कुंडीले पानी कोन टाके? टपाल कोन घेये?
खुर्चीवरचा टॉवेल घरी नेऊन धुतला म्या.
तीन निवडणुका, बाई. मोज.'

मोजले. नऊ महिने.
कुठल्याच हजेरीपटावर नसलेले.
आमच्याकडे खंड म्हटलं की माणूस आभाळाकडे बघतो,
इथे पडद्यावर लाल अक्षरात शेरा :
सेवेत खंड.

मग निदान साठलेले तरी काढू, म्हटलं.
अंगठा लावला, उमटला नाही.
पुसून लावला, उमटला,
तर शेवटच्या खात्यात
नोकरी सोडल्याची तारीखच कोणी भरलेली नाही.
संगणकाच्या लेखी तुम्ही कामावर आहात, काका,
म्हणून पैसे निघत नाहीत.

'म्हंजे मी हावो अजून?'

काय सांगणार. तारीख भरायची ती मालकानं.

त्यांनी कागद पिशवीत घातले,
पिशवीला गाठ मारली,
आणि जाता जाता, न विचारता,
माझ्या टेबलावरचा रिकामा कप उचलून
बाहेरच्या नळावर विसळला,
पालथा ठेवला.