दाखला

चिलोए बेटाच्या या टोकाला, नोंदणी कचेरीत
एक टेबल, एक शिक्का आणि मी.
बोट बुडाली त्या आठवड्यात
एकोणतीस दाखले लिहिले.
शाई संपली, ती शाळेतून मागवली.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, बोट रिकामीच होती.
तिसऱ्या दिवशी पाणबुडी आली.
मग विमा कंपनी, मग कुठलं तरी परकं आरमार,
मग एका फोटोतल्या सावल्या
कुणी पट्टी लावून मोजल्या:
बोट सकाळची, तर सावली दुपारची कशी?

पराचा कावळा व्हायला निदान पर तरी लागतं.
आमच्या बेटावर तर कावळेच नाहीत.
तरी आले, थव्यांनी,
फोनच्या तारांवर ओळीने बसले.

एदुविना कार्कामो कारखान्यात शिंपले सोलते.
तिचा इलारियो सोळाचा.
टीव्हीवर ती रडली नाही,
म्हणून नटी ठरली.
पुढच्या खेपेस रडली,
तेव्हा चांगली नटी ठरली.

सान्तियागोहून एकाचा फोन.
आवाज सभ्य. मागे कुणाचं तरी तान्हं किरकिरत होतं.
म्हणाला, मेल्याचं राहू द्या,
तो पोरगा जन्मला होता याचा पुरावा द्या.
मी जुनं रजिस्टर काढलं. पान एकशे बारा.
अक्षर माझंच,
आडनावावर शाईचा डाग,
कारण त्या दिवशी बाप पेढ्यासारखा गोड हसत
टेबलावर रेलला होता आणि दौत कलंडली.
हे सगळं मी त्याला सांगितलं. का सांगितलं कोण जाणे.
तो थोडा थांबला. म्हणाला,
'डाग? बराच सोयीचा आहे.'

काल एदुविना आली.
हातांना अजून समुद्राचा वास.
दाखल्याची प्रत हवी असेल म्हणून
मी शिक्का पुढे ओढला.
तिने मान हलवली. दार लावलंय ना, पाहिलं.

'तो माणूस म्हणतो ना,
पोरगा पुंता अरेनासला दिसला,
पेट्रोल पंपावर, केस बारीक कापलेले...
खोटं आहे. मला ठाऊक आहे.
मोजे मीच ओळखले होते,
टाच मीच रफू केलेली.

पण तुमच्याकडे त्याचा नंबर आहे.
तिकडे थंडी फार असते.
एवढंच विचारा त्याला,
अंगात स्वेटर होता का.'