केबल काढली की दिसते

रविवारी रात्री आठला उत्कर्षा दिसते,
मिरजेच्या होस्टेलात, मागे कुणाची तरी ओढणी वाळत.
लॅपटॉपवर तिची बोटं तांदळाएवढी.
माझा चष्मा जुना, वैजूला मोतीबिंदू,
‘परीक्षा’ म्हणाली की ‘पैसे’, यावर आमचं भांडण.
म्हणून टीव्हीला जोडायचं ठरलं.

केबल घातली. पोर भिंतीएवढी झाली.
वैजूने उठून पदर सारखा केला,
पाहुणं दारात आल्यासारखा.
आणि वायफाय गेलं.
हात मध्येच थांबला, अंगठा छातीपाशी.

देवगड बंदरावर बर्फाच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं.
गोठणं मला नवीन नाही.
पण लादी धरायला अख्खा दिवस जातो,
कडेकडेने, आत आत, मधला पांढरा दोरा शेवटी.
हे असं एका दमात नाही.

केबल काढली, आली.
घातली, गेली.
राउटर बंद करून शंभर मोजले. मग दोनशे.
बाबल मोंडकर नेटवाला आला, चहा घेतला,
‘खाऱ्या हवेन पिना गंजतत’ म्हणाला,
अडीचशेची नवी केबल देऊन गेला. तीच तऱ्हा.
पुढच्या खेपेला म्हणाला, लॅपटॉप म्हातारो झालो.
त्याच्या पुढच्या खेपेला, शेजाऱ्याचा पंप.
चहा मात्र दर वेळी घेतला.

तिसऱ्या रविवारी, केबल काढून, त्या तांदळाएवढ्या हातांनी
पोरीने उलटतपासणी घेतली.
केबल किती लांब? कुठून नेलीय?
लॅपटॉपच्या कुठल्या अंगाला? दाखवा.
दाखवली.
मग सावकाश, दोनदा, कारण आम्हाला पहिल्यांदा कळलं नाही:
केबल बडबडते.
वायफाय ज्या पट्ट्यात बोलतं त्याच पट्ट्यात,
लॅपटॉपच्या अगदी कानाशी बसून.
राउटर हाका मारतोय. याला ऐकू जात नाही.

वैजूने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे नाही पाहिलं.

तुला कसं गं ठाऊक, मी विचारलं.
अभ्यासात आहे, म्हणाली. मग जरा थांबून:
आणि तुमचा कंप्रेसर.
आठ वर्षांची होती, डबा घेऊन यायची,
चपला काढून ओल्या फरशीवर उभी राहायची.
मला वाटायचं थंडाव्यासाठी.
ती तळपायांनी मशीन बघत होती,
आणि आम्हाला. मी, दाजी, क्रशरवरचा तो बिहारी पोरगा,
सगळे तोंडं मिटून हातांनी:
दोन लाद्या. फोड. थांब. गाडी आली.
तिथे सगळे माझ्यासारखे होते, म्हणाली.
हे ती कधी बोलली नव्हती.
लाईन गेली नव्हती तरी आमचे हात तिघांचेही थांबले.

उपाय तिनेच सांगितला. राउटरचा दोनाचा पट्टा सोडा, पाचाचा घ्या.
घेतला. पण पाचाचा जीव नाजूक,
जांभ्याच्या एका भिंतीत धापा टाकतो, दुसरीत मरतो.
राउटर ओटीवरून आत आणला, देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर.
वैजू दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी
त्याच्याखाली तिनेच धुतलेला रुमाल घातला.
केबलला लांबचा वळसा दिला, लॅपटॉपपासून हातभर फटकून.

काल चौथा रविवार.
पावणेनऊपर्यंत एकदाही अडकली नाही.
तळहात परातीएवढे, नखावरची मेंदी अर्धी उतरलेली, तीही दिसली.
परीक्षा. पैसे नव्हे. वैजू बरोबर होती.
मग वैजू टीव्हीच्या पार पुढ्यात जाऊन
जेवलीस का, भात कच्चा असतो का, खोकला गेला का,
सगळं एका दमात विचारत सुटली,
आणि पडद्यावरची पोर हसत हसत मान हलवू लागली.
कॅमेरा मागे, स्टुलावरच्या लॅपटॉपात.
आई, तुझी पाठ दिसतेय, म्हणाली.
वळ.