हयातीचा दाखला

डिसेंबर उजाडला की खानापूर कोर्टाच्या आवारात
माझ्या टाइपरायटरपुढे येऊन बसतो
कायतान सिक्वेरा, वय अडुसष्ट,
कधीकाळी चोर्ल्याच्या चौकीवरचा शिपाई, पाखल्यांचा.
त्याला पेन्शन येते अजून, लिस्बनहून,
आणि ती यायची तर कुणीतरी लिहून द्यावं लागतं
की हा माणूस मेलेला नाही.

'सरकार गेलं, पण हिशेब ठेवतंय बघ,'
म्हणतो, आणि माझ्या टेबलावर बोट आपटतो.
'तुमचं ठेवतं का?'

चहात पाव बुडवतो, आणि सुरू होतो.
पगार एक तारखेला. बूट चामड्याचे.
घाटातून रात्री बाई एकटी यायची, दागिन्यांसकट.
मी म्हणतो, कायतानबाब, आणि तुरुंग?
'तुरुंग होता. मी कुठं नाही म्हणतोय?
पण एक नोव्हेंबरला तुम्ही काळी फीत बांधता
आणि दोन तारखेला त्याच सरकारच्या रेशनला रांग लावता.
मी निदान एकाच मिठाला जागलो.'

मला उत्तर सुचत नाही.
फीत खणात असते, घडी करून, रिबिनीच्या डबीशेजारी.

यंदा विचारलंच.
पंचावन्न साली झेंडे घेऊन वर चढून आले,
त्यांना तुम्ही मारलं?
पाव बशीत ठेवला त्यानं.
'मारलं. हुकूम होता.'
मग बऱ्याच वेळानं,
'पळाले असते तर कमी मारलं असतं.
बसून राहिले चिखलात.
बसलेल्या माणसाला मारताना हात कुठं थांबवायचा
ते आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.'

माझ्या आप्पांना डाव्या कानानं ऐकू येत नाही.
त्यांचाही दाखला याच आठवड्यात, स्वातंत्र्यसैनिक म्हणून.
मी काटकसरी माणूस,
दोघांना एकच कार्बन पुरवतो.
कायतानला हे सांगितलेलं नाही.
आप्पांना सांगितलं, उजव्या बाजूला बसून.
ते म्हणाले, 'पैसे घेतोस ना त्याच्याकडून?'
घेतो. पाच रुपये. सगळ्यांकडून तेवढेच.

कचेरीत शिक्का बसतो, जांभळा, कन्नड.
कायतान कागद उजेडात तिरपा धरतो.
'काय लिहिलंय रे?'
मलाही धड वाचता येत नाही.
'तुम्ही आहात, असं लिहिलंय.'
'एवढंच?'
शाई ओली असते.
तो फुंकर घालत उभा राहतो पायरीवर,
मागची रांग त्याला जरा सरकायला सांगत असते,
दोन भाषांत.