अर्धा र

लॅमिंग्टन रोडला, तिसऱ्या मजल्यावर
नौशीरने पेटी उघडली तेव्हा आम्ही दोघंही गप्प.
चार स्क्रू, एक खिट्टी, झाकण बाजूला.
आतल्या तारा वेणी घातल्यासारख्या,
गिऱ्हाईक जिथं जन्मात डोकावणार नाही तिथंसुद्धा.
“जो साला,” तो म्हणाला, “अंदरथी पण इस्त्री केलेली.”

साल सत्त्याण्णव.
फ्रीजचे पैसे त्यात गेले, वर पतपेढीचं कर्ज.
शरयू दोन उन्हाळे माठातलं पाणी देत राहिली
आणि पाहुण्यांना सांगत राहिली,
फ्रीजचं घशाला बाधतं.

प्रभादेवीच्या गाळ्यात, पंख्याखाली,
पडद्यावर ल उमटायचा पाकळीचा, श देठाचा,
आणि अर्धा र,
ती पापणीएवढी रेघ,
वाऱ्यात, सुऱ्यांत, दऱ्याखोऱ्यांत
कधी म्हणून चुकला नाही.
कुणीतरी, कुठल्यातरी दूरच्या शहरात,
माझ्या पापणीचा विचार करून झोपलं होतं,
असं मला खरंच वाटायचं.

मग मी वकीलच झालो त्यांचा, बिनफीचा.
परळच्या डिक्रूझला घ्यायला लावलं,
आगाशेंच्या स्टुडिओला,
शरयूच्या भावाला, ज्याला गरजच नव्हती.
“दुप्पट किंमत कशाची?” कुणी विचारलं
की मी झाकण उघडून दाखवायचो.
पुढची पाच यंत्रं त्यांचीच घेतली.
चौथ्याला स्क्रू नव्हते. डिंक होता.
नौशीरने ते उलटंपालटं केलं, परत दिलं,
आणि त्या वर्षी दुकान भाच्याला देऊन टाकलं.

परवा त्यांच्या शोरूममध्ये गेलो, वांद्रे-कुर्ला संकुलात.
पंगतीसारखी लांब टेबलं,
त्यावर घड्याळं, घड्याळांचे पट्टे, कानात घालायच्या गोळ्या,
महिन्याच्या हप्त्यावर सिनेमे.
संगणक मागच्या भिंतीला,
वरातीतल्या मोठ्या काकांसारखे.
मुलगा गोड होता. छातीवर नाव, ऋत्विज.
मी म्हणालो, नव्या आवृत्तीपासून
दऱ्या लिहिलं की दर्या उमटतो.
त्याने दोन्ही शब्द पाहिले. पुन्हा पाहिले.
“पण वाचणाऱ्याला कळतं ना, सर?”
“सह्याद्रीत समुद्र शिरलाय, बाळा.”
तो हसला, मनापासून,
आणि तक्रारीचा अर्ज पुढे केला.
अकरा चौकोन. भाषेचा एकही नाही.
मग माझ्या मनगटाला घड्याळ बांधून
ठोके मोजून दाखवले. बहात्तर.
“एकदम मस्त, सर.”

समोरच्या काचेत माझा चेहरा होता.
तो मी आधी पाहिला होता,
माझ्यावर नाही,
काशिनाथ वैतींवर.

एकोणीस वर्षं मंडळाचा अहवाल माझ्याकडेच आणणारे वैती,
वरळी कोळीवाड्याचे.
मार्चमध्ये बोलीचा कोश घेऊन आले होते,
सातशे पानं, शाईच्या पेनाने.
मी फ्लेक्सवर होतो,
कुणा भाऊंचा वाढदिवस, बारा बाय वीस फूट,
उद्या सकाळी हवा.
मान वर न करता म्हणालो,
पुस्तकं बंद केली हो आता. परवडत नाही.
ते भांडले नाहीत.
पानांच्या कडा टेबलावर ठोकून सरळ केल्या,
सुतळी बांधली,
आणि गाळ्याच्या पायरीवर जरा थांबले,
चप्पल सापडत नसल्यासारखे.

रात्री फोन लावला.
“कोशाचं काय झालं?”
“नातू करतो मोबाईलवर, जमेल तसा.
तो र येत नाही म्हणतो. चालेल म्हणतो.”
थोडा वेळ पलीकडे नुसता टीव्ही ऐकू आला.
“चालेल का हो?”

जुनी पेटी माळ्यावर आहे, चादरीखाली.
चालू होईल की नाही, देव जाणे.
पेचकस मात्र नौशीरचा, माझ्याकडेच राहिलेला.
“घेऊन या,” मी म्हणालो.
“सगळं नको. द आधी आणा.”