निरोपाचा चहा

चौतीस कप मांडले, आले एकवीस जण.
बाकीचे कुंपणापलीकडे, दगडांखाली,
बहुतेक तुम्हीच पोचवलेले.

रेव्हरंड लेडलॉ, भिंतीशी उभे आहात तुम्ही,
हातात बशी, बशीत न खाल्लेला स्कोन,
आणि डनीडनहून आलेला प्रेस्बिटरीचा माणूस
तुमची एकोणतीस वर्षं कागदावरून वाचतोय:
इतके बाप्तिस्मे, इतकी लग्नं,
छपरासाठी जमवलेला इतका निधी.

ऑर्गनच्या बाकावर बसून मी ऐकतेय.
त्या कागदात ती रात्र नाही,
ओंडका घसरून वखारीत आमचा फर्गस गेला, ती.
तुम्ही आलात, चिखलाचे बूट दाराशी काढलेत
आणि उजाडेपर्यंत आमच्या स्वयंपाकघरात
एक शब्द बोलला नाहीत.
मला राग आला होता. पाद्री ना तुम्ही?
पहाटे उठून चुलीतली राख काढलीत,
लाकडं रचलीत, काडी ओढलीत,
ओल्याच मोज्यांवर बूट चढवून निघून गेलात.
चहा विचारायचंही मला सुचलं नाही.

खरं सांगू? प्रवचनं तुमची लांबायची.
दक्षिणेचा वारा पत्रा उचकटत असायचा
आणि तुम्ही आपले रोमकरांस पत्रात अडकलेले.
म्हातारा गिलफिलन घोरायला लागला
की तुम्ही आवाज खाली आणायचात,
त्याची झोप मोडू नये म्हणून.
मेंढ्या विण्याच्या दिवसांत तर
कॉलर खिशात, बाह्या कोपरापर्यंत लाल,
तसेच यायचात लग्नाची तारीख ठरवायला.

एकदाच अडलात.
इशबेल गेली, त्यानंतरच्या रविवारी.
स्तोत्राचं पान उलटेना तुमच्याकडून.
मी एका सुरावर बोट ठेवलं
आणि पाय मारत राहिले,
तोच सूर, तोच, तोच,
तुम्हाला तुमचा आवाज सापडेपर्यंत.
त्याविषयी आपण कधी बोललो नाही.

आता नियम असा:
निवृत्त पाद्र्याने गाव सोडायचं.
नव्या माणसाच्या वाटेत यायचं नाही,
कोणी कितीही बोलावलं तरी
लग्नाला, मातीला उभं राहायचं नाही.
चांगला नियम आहे.
मंडळीत मतं घेतली तेव्हा मीही हात वर केला होता.
तेव्हा माझ्या पर्समध्ये
इस्पितळाचं हे पाकीट नव्हतं.
आणि नवा माणूस तर अजून मिळालेलाच नाही.

तुम्ही किल्ली माझ्या हातात देता,
तीच, लोखंडी, दाताशी वाकलेली.
"डावीकडे जरा उचलायची..." सुरुवात करता
आणि हसता.
मीच शिकवलं होतं तुम्हाला, पहिल्या दिवशी, पावसात.

पाकिटाचं मी काढत नाही.
तुम्हीच विचारता जाता जाता,
"ऊना, घरी लाकडं आहेत ना?"
"आहेत," म्हणते मी.

मोटार पुलापलीकडे जाते.
तेरा कप कोरडेच राहिलेत,
तेही विसळायला घेते.