खारीचा वाटा

साडेनऊच्या मीटिंगला तीन मिनिटं बाकी
आणि राउटरवर लाल दिवा.
"आता काऊन रुसला तो?" आई विचारते,
पान्हा चोरणाऱ्या म्हशीबद्दल विचारावं तसं.

मोबाईल घेऊन मी पाण्याच्या टाकीच्या शिडीवर,
सातव्या पायरीपर्यंतच. वर आग्या मोहोळ आहे.
रेंजच्या दोन कांड्या.
बंगळुरूहून श्रीविद्या, तुटक तुटक:
काही अडलंय का?
मी म्हणते, हो. बहुतेक खार.
ती म्हणते, कोणत्या टीममध्ये?

अडलेलं खरं तर दुसरंच होतं.
रॉटरडॅम शहरात गाड्या लावायचे पैसे
आमचं ॲप कापतं.
काल पहाटे त्या लोकांनी
दोनचे एकदम तीन वाजवले,
दरवर्षीसारखे, उन्हाळा आला म्हणून.
कुणी एक पन्नासला गाडी लावली, तीन दहाला नेली,
खरी वीस मिनिटं.
आम्ही कापले ऐंशीचे.
एकशे चौदा माणसं चिडलेली,
आणि ती ओळ माझी,
मागच्या पोळ्याला घाईत लिहिलेली,
बैल दारात उभे असताना.

रात्री आईला सांगितलं होतं हे.
"मंग तो तास जाते कुठं?"
दिवाळीच्या आगेमागे परत देतात, म्हटलं.
"उसना होय," ती म्हणाली
आणि कूस बदलून झोपली.

इस्तारी मडावीची गाडी चौकात थांबली.
"येता काय ताई? दोघांनं पाह्यलं तं लवकर सापडते."
मी मागे बसले,
लॅपटॉप पोटाशी,
शिडीच्या दोन पायऱ्यांमधून डोकं बाहेर.
ग्रामपंचायत, शाळा, कुलूपबंद दवाखाना,
मग नुसतं शिवार,
उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग आणि मान वर करून मोजलेले खांब.
एकतिसाव्यापाशी मोहाचं झाड.
खाली दोन बाया फुलं वेचत होत्या.
"खारीनं खाल्ली थे तार. सकाळीच पाह्यलं."
मग सांगितलं का नाही?
"कोणाले सांगाव? नेट गेलतं ना."

इस्तारीनं उकिडवं बसून काळं साल सोललं,
आत निळं, त्याच्या आत पांढरं,
त्याच्या आत
केसाहून बारीक काच.
हे? मी म्हटलं.
"हेच. जोरात श्वास नोका घेऊ, उडून जाते."
चार वर्षं हिच्यातून माझा पगार येतोय,
भेटलो आज.
पोरीच्या डोळ्यातलं कुसळ काढावं
तशी त्यानं ती दोन टोकं समोरासमोर आणली.
बारीकशी ठिणगी.
मशीनवर आकडा: तोटा शून्य पॉइंट शून्य तीन.
"चालते," तो म्हणाला,
आणि वर चिकटपट्टी गुंडाळली, तिच्यावर थोडी तंबाखू चोळली,
खारीला चव आवडू नये म्हणून.
हे कुठल्या पुस्तकात आहे, मी विचारलं नाही.

घरी आले तेव्हा दिवा हिरवा.
रॉटरडॅमची ऑफिसं उघडायला तीस मिनिटं.
चार ओळी खोडल्या, दोन लिहिल्या:
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू नकोस,
किती वेळ सरला तेवढाच मोज.
एकशे चौदा माणसांना साठ साठ मिनिटं परत.
स्पेसबारच्या फटीत एक मोहाचं फूल,
तसंच राहू दिलं. वास उतरला नाही अजून.

टाइमशीटच्या यादीत
मीटिंग होतं, चाचणी होतं, दुरुस्ती होतं.
सकाळच्या दोन तासांपुढे मी "इतर" निवडलं.

संध्याकाळी इस्तारीचा फोन.
"ताई, एक इचारू?
तुमच्या त्या गावात, जिथं गाड्या लावतेत,
तिथं खारी असतेत काय?"
माहीत नाही, म्हटलं, विचारून सांगते.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला विचारलं.
सगळे म्यूटवर होते.