जादा दिवे

टॉर्च नीट धर, सेल्बी म्हणतो
ट्रकच्या पोटाखालून.
मी धरते. शेडच्या फटींतून
समुद्रावरचा वारा शिट्या घालतोय
आणि चार वाजताच दिवेलागण झालीय,
नोव्हेंबर आहे न्यूफाउंडलंडचा.

शहाऐंशीची फोर्ड. मडगार्डं गंजून
बिस्किटासारखी झालेली.
हिला नवे दिवे म्हणजे म्हातारीला डूल,
असं ओन्स्लो काल म्हणून गेला.
पाना परत न्यायला आला होता,
न नेताच गेला.

जुने दिवे आहेत की. पण त्यांचा उजेड
पाणी घातलेल्या चहासारखा,
बंपरपुढे चार पावलांवर सांडतो, संपतो.
आणि मूस तर इतका उंच
की उजेड त्याच्या पायांमधूनच निघून जातो,
डोळे चमकतच नाहीत.
रात्रीचा मूस म्हणजे रात्रच,
जरा जास्त दाट.

बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून रिले.
रिले म्हणजे काय रे? मी विचारलं.
हळू सांगितलेलं ऐकून
मोठं काम करणारा, तो म्हणाला.
म्हणजे तुझ्यासारखा नाही.
तो खालून हसला, मग खोकला.

मग म्हणाला, ही कोणती? लाल की तपकिरी?
लाल, मी म्हणाले.
आणि ही?
तपकिरी.
टॉर्च थेट तारेवर होता.
तीस वर्षं बोटींची इंजिनं
काळोखात नुसत्या बोटांनी लावलेला माणूस.
मी काही बोलले नाही.
टॉर्च दुसऱ्या हातात घेतला.

मोठ्या दिव्यांना जोडायची एक बारीक तार असते,
ते मंद केले की हे आपोआप विझतात.
ती त्याने जोडलीच नाही.
बटण माणसाच्या हातात हवं, म्हणाला,
आणि डॅशबोर्डला भोक पाडलं
पार उजवीकडे, ॲशट्रेच्या वर.
इतक्या लांब? तुझा हात कसा पोचणार?
डावीकडे जागा नाही, तो म्हणाला.
डावीकडे बशी मावेल एवढी जागा होती.

शेडच्या दारावर टेपच्या दोन फुल्या,
ट्रक पंचवीस फूट मागे.
वर आहे का गं? खाली?
डावा जरा खाली घे. अजून. बस.
फुल्या मीच पाहत होते.

रात्री म्हणाला, चल, फिरवून आणू.
बटण दाबलं आणि दोन्ही बाजूंची स्प्रूसची झाडं
हजेरीला नाव पुकारल्यासारखी पुढे आली.
दलदल, तिच्यावरचा पातळ बर्फ,
कुणाची तरी उलटी ठेवलेली होडी,
तिच्यावरचा नंबरसुद्धा.
बघ कसं लख्ख, तो म्हणाला.
लख्ख, मी म्हणाले,
आणि डोळ्यांत तेल घालून बसले.

वळणावर म्हणाला, झाड पडलंय का पुढे?

झाड नाही, सेल्बी.

थांबलो तेव्हा ती एवढी जवळ होती
की तिच्या श्वासाची वाफ काचेपुढून गेली.
मागे पिल्लू, पाय त्याचे अजून त्याला जड.
दोघांनी घाई केली नाही.
एक बाई रस्ता ओलांडताना
मुलाची वाट बघते, तशी ती थांबली,
मग दोघंही झाडांत शिरली.

सेल्बी बराच वेळ स्टिअरिंग धरून होता.
मग उतरला, उजेडातून चालत गेला,
बॉनेटवर हात टेकत टेकत.
त्याची सावली दलदलीच्या पार टोकापर्यंत.
माझं दार उघडून म्हणाला,
सरक.

मी सरकले. सीट पुढे ओढली,
आरसा माझ्या उंचीला आणला.
गिअर खरखरला तेव्हा
त्याने जीभ चावली, पण बोलला नाही.

टेकाडावर समोरून कुणी येत होतं.
मी दिवे मंद करते न करते
तोच माझ्या शेजारी
टक् झालं.
पुन्हा तो पातळ चहा रस्त्यावर.
समोरची गाडी गेली, जाताना एकदा लुकलुकली.
टक्.
झाडं पुन्हा हजर.

हात जराही ताणावा लागला नाही त्याला.